इंदूरात घरीच सिम रेसिंगचं कॉकपिट बनवायचंय: लोखंडी पाइप घेऊ की प्लाय?

रामबागचा_रेसर

नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं, लॉजिटेकचं जी२९ (गेमसाठीचं स्टिअरिंग व्हील आणि पेडल) वापरतोय, पीसीवर, जास्त करून असेटो कोर्सा आणि आता थोडं थोडं कॉम्पिटिझिओने हे रेसिंग गेम. व्हील अभ्यासाच्या टेबलाला क्लॅम्प केलेलं आहे आणि बसायला चाकांची ऑफिसवाली खुर्ची. मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला (लागोपाठ उलटसुलट वळणं) जोरात ब्रेक दाबला की खुर्ची वीतभर मागे जाते, म्हणजे दर लॅपला पाय आणि पेडल यांचं अंतर वेगळं, मग ब्रेकिंग पॉइंट पक्का होणार कसा? खुर्चीची पाचही चाकं जुन्या बुटांत घालून बसवली, त्याने सरकणं थांबलं पण आता टेबल हलतं, आणि मॉनिटर त्याच टेबलावर असल्यामुळे गाडीचं चाक कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या पट्टीवर) गेलं की समोरचं अख्खं चित्र थरथरतं.

तर कॉकपिट, म्हणजे सीट, व्हील आणि पेडल एकत्र धरणारी फ्रेम, बनवायचं मनावर घेतलंय. बजेट १५ हजार, व्हील-पेडल सोडून. रेडिमेड बघितले, पण माझ्या दोन अडचणी आहेत त्या त्यात बसत नाहीत.

पहिली म्हणजे घर. जुनं घर, दुसरा मजला, जिना अरुंद आणि मधे काटकोनात वळतो. खोली १० बाय ११, त्यात माझ्या वाट्याला खिडकीजवळचा कोपरा, पाच फूट बाय अडीच फूट.

दुसरी म्हणजे बाबा. बाबा पीथमपूरला कंपनीत होते, रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी चहा झाला की यूरो ट्रक सिम्युलेटर २ घेऊन बसतात, तासभर तरी. (ते रिटायर झाल्यानंतर, २०२१ मध्ये, तिथे नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक सुरू झाला, तो जवळून बघायचा राहिला याची त्यांना फार हळहळ आहे.) त्यांची उंची ५ फूट ४, माझी ५-११, आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. म्हणजे सीट अशी हवी की दोघांना नीट बसता येईल आणि दर वेळी पाना घेऊन बसावं लागणार नाही.

लोखंडी पाइपचं करून घेऊ, प्लायचं करू, की अजून काही? पुढे कधीतरी डायरेक्ट ड्राइव्ह (मोठ्या मोटरवर थेट बसवलेलं, जास्त ताकदीचं व्हील) घ्यायचा विचार आहे, आत्ता नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

---

पाइपवाले_काका

बेटा, माझं सांवेर रोडला फॅब्रिकेशनचं काम आहे, ग्रिल, शेड, गेट हेच रोजचं. भाच्यासाठी दोन वर्षांपूर्वी असं एक कॉकपिट बनवलं, म्हणून लिहून राहिलो.

लोखंडच घे. ४० बाय ४० चा एमएस चौकोनी पाइप, २ एमएम जाडीचा. १६ गेजही चालतो, पण तू पुढे मोठी मोटर लावायची म्हणतोस तर २ एमएमच घे, नंतर परत खर्च नको. एक लांबी सहा मीटरची येते, वजन मीटरला सव्वादोन-अडीच किलो धर, म्हणजे लांबीला १४ किलोच्या आसपास. तुला दोन लांब्या पुरतील, मॉनिटरचा स्टँड वेगळा धरला तर तीन. पाइप लोहामंडीत किलोवर मिळेल, नट-बोल्ट सियागंजला, आणि बोल्ट घेताना नायलॉकवाले नट माग, साधे नट व्हायब्रेशनने ढिले होतात.

आता महत्त्वाची गोष्ट. भाच्याची फ्रेम मी एकजीव वेल्ड केली, गेट करतो तशी. शॉपवर ठेवून बघितली, त्यावर उभा राहिलो, जराही हलली नाही. मग त्याच्या घरी नेली तर जिन्याच्या वळणावर अडकली. आडवी केली, उभी केली, चौघांनी मिळून तासभर खटपट केली, भिंतीचा रंग निघाला आणि शेवटी ग्राइंडर मागवून तिथेच मधून कापावी लागली. तुझा जिना वाचून तेच आठवलं. म्हणून तीन भागांत बनवून घे: खालचा पाट ज्यावर सीट, पुढची उभी चौकट ज्यावर व्हील, आणि पेडलचा ट्रे. तिन्ही भागांना ६ एमएमच्या पट्टीचे फ्लँज वेल्ड करायचे आणि ते एम१० बोल्टने जोडायचे, एका फ्लँजला चार बोल्ट. दोन बोल्टवर ठेवलंस तर व्हील फिरवताना चौकट डुलेल.

वेल्डिंग करणारा कोणीही असो, त्याला सांग आधी सगळीकडे फक्त टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मार, मग दोन्ही कर्ण टेपने मोज, सारखे आले तरच फुल वेल्ड. एका बाजूने सलग वेल्ड ओढत गेला की लोखंड त्या बाजूला खेचतं, आणि मग चार पायांपैकी एक हवेत राहतो. वेल्ड झाल्यावर ग्राइंड, रेड ऑक्साइडचा एक हात, मग ऑइल पेंट. पावडर कोटिंग छान दिसतं पण बजेट बघून. पाइपची उघडी तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद कर आणि जिथून वायर जाणार तिथल्या भोकाची धार कानसने मारून घे, नाहीतर वायर सोलली जाईल.

सीट जुन्या मारुती ८०० ची शोध, ड्रायव्हर साइडची, रेलसकट. खालचा दांडा उचलला की पुढेमागे होते, तुझा आणि बाबांचा प्रश्न तिथेच सुटला. फक्त एक लक्षात ठेव, गाडीची जमीन सपाट नसते म्हणून सीटचे पुढचे आणि मागचे पाय एका उंचीचे नसतात. कोणत्या पायाखाली किती भर लागते ते सीट हातात आल्यावरच मोजायचं, फ्रेम आधी करून ठेवायची नाही. आधी सीट, मग पाइप.

नवीन गाडीची सीट स्वस्तात मिळाली आणि खाली पिवळं कनेक्टर दिसलं तर ती घेऊ नकोस, त्यात साइड एअरबॅग असू शकते, त्याच्याशी घरी खेळायचं नाही.

---

तिसरा_मजला

काकांचं सगळं बरोबर आहे, तरी मी प्लायच्या बाजूने बोलते, कारण माझ्याकडे ना वेल्डर ओळखीचा होता ना ड्रिलपेक्षा मोठं काही हत्यार.

आठ बाय चारची १८ एमएम प्लायची एक शीट. दुकानातच कापून दिली, मी फक्त कागदावर मापं लिहून नेली होती. दोन बाजूचे उभे पाट, मधे आडव्या पट्ट्या, वर व्हीलचा पाट, खाली तिरका पेडलचा पाट. सगळी ताकद कोपऱ्यातल्या तिकोन्यांत आहे. पहिल्यांदा तिकोने न लावता नुसत्या एल पत्त्यांवर जोडलं होतं, तर व्हील डावी-उजवीकडे फिरवलं की वरचा पाट बोटभर हलायचा. मग उरलेल्या तुकड्यांतून आठ तिकोने कापून फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्हींनी बसवले, तेव्हापासून जागचं हलत नाही. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडायचंच, प्लायच्या कडेत सरळ स्क्रू मारला की थर सुटतात.

जी२९ ची ताकद दोन-सव्वादोन न्यूटन मीटर, तेवढ्याला प्लाय अगदी आरामात पुरतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोझा आर५ साडेपाचचं आहे, फॅनाटेकचं सीएसएल डीडी पाच किंवा आठचं, तिथे मात्र लाकूड करकरायला लागेल असं मलाही वाटतं.

पण तुमच्यासाठी खरं सांगायचंय ते वेगळंच. लोखंड करा की लाकूड, आधी पुठ्ठ्याचं करा. फ्रिजचा खोका, विटा, पाट, उश्या, जे असेल ते. सीट जमिनीपासून किती वर, पेडल किती लांब, व्हील किती उंच, हे आधी बसून ठरवा आणि त्याच अवस्थेत एक अख्खी रेस खेळा, वीस मिनिटांची नाही, तासाभराची. मी वीस मिनिटं बसून मापं घेतली होती आणि पेडल दोन इंच जवळ ठेवलं, आता तास झाला की मांडी भरून येते. बाबांनाही बसवा, गुडघा दुखतो म्हणताय तर त्यांचं माप तुमच्यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

---

मांडवीचा_मोटरमन

बडोद्याहून. आमच्याकडे मकरपुरा जीआयडीसीत ॲल्युमिनिअम प्रोफाइल कापून मिळतं, तुमच्या इंदूरातही मशिनरीचं काम करणाऱ्यांकडे मिळायला हवं, चौकशी करा. खाली ४० बाय ८० आणि बाकी ४० बाय ४०. वेल्डिंग नाही, रंग नाही, खाचेत टी-नट सरकवा आणि एम८ बोल्ट आवळा. चूक झाली तर बोल्ट ढिला करून एक इंच सरकवा, बस. लोखंडापेक्षा महाग पडतं हे खरं, १५ हजारात सीटसकट बसवणं अवघड जाईल, पण मी घर बदललं तेव्हा संध्याकाळी खोललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या घरी उभं केलं. आणि विकायचं झालं तर प्रोफाइलला गिऱ्हाईक मिळतं, माझ्या मापाच्या वेल्ड केलेल्या लोखंडाला कोण घेणार?

माप कापून घेताना पट्टीवाल्याला मिलिमीटरमध्ये लिहून द्या. मी इंचात सांगितलं, त्याने गोल करून कापलं, दोन तुकडे तीन-तीन एमएमने वेगळे आले आणि चौकट तिरकी बसली.

---

रामबागचा_रेसर

काका, तिसरा मजला ताई, मांडवीवाले दादा, मनापासून धन्यवाद. जिन्याचं वाचून लगेच टेप घेऊन गेलो, वळणावर जेमतेम ७४ सेंटीमीटर आहे. तीन भागांचंच करणार. प्रोफाइल मनात भरलंय पण बजेट नाही, त्यामुळे काकांच्या पद्धतीने लोखंड.

दोन शंका अजून. एक, ब्रेक. जी२९ चा ब्रेक आतल्या रबरामुळे कडक लागतो, शेवटचा भाग तर दाबलाच जात नाही, पण टेबलाखाली असल्यामुळे तसं असेल असं वाटत होतं. फ्रेम पक्की झाली की तो सुधारेल का, की लोड सेल वगैरे करावा लागेल? आणि दोन, मॉनिटर किती लांब ठेवायचा? २७ इंची आहे, सिंगल.

---

ट्रेलब्रेक

ब्रेकवर मी लिहितो, माझा आवडीचा विषय आहे.

आधी फ्रेम होऊ दे. अर्धा फरक तिथेच पडेल, कारण आत्ता तू जो जोर लावतोस त्यातला बराचसा खुर्ची आणि टेबल खाऊन टाकतात. महिनाभर तसंच खेळ, मग ठरव.

लोड सेलचं म्हणशील तर त्याचा मुद्दा असा की साधं पेडल किती *खाली गेलं* ते मोजतं आणि लोड सेल किती *जोर लावला* ते मोजतो. खऱ्या गाडीत ब्रेक पेडल एका मर्यादेनंतर फारसं खाली जात नाही, आपण जोरच कमी-जास्त करतो, आणि पायाला जोर जितका नीट लक्षात राहतो तितकं अंतर राहत नाही. कॉर्नरमध्ये शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जायचं असतं ना, तिथे हा फरक एका दिवसात कळतो.

मी घरी केला. जेल रोडला फिरून सगळं मिळालं: एक बार टाइप लोड सेल, एचएक्स७११ चं मॉड्यूल (सेलचं रीडिंग घेणारं) आणि एक प्रो मायक्रो (छोटा आर्डुइनो बोर्ड). प्रो मायक्रो किंवा लिओनार्डोच घे, त्यातली ३२यू४ चिप पीसीला स्वतःच जॉयस्टिक म्हणून दिसते, उनो तसा सरळ दिसत नाही. आणि बाथरूमच्या वजनकाट्यातले चपटे, तीन वायरींचे सेन्सर घेऊ नकोस, ते जोडीने वापरायचे असतात, चार वायरींचा बार घे.

दोन ठिकाणी मी अडकलो, तू अडकू नकोस. पहिलं, बार लोड सेल एका टोकाला घट्ट बांधायचा, दुसऱ्या टोकावर जोर द्यायचा आणि मधला भाग *मोकळा* राहिला पाहिजे. मी तो सपाट पट्टीवर पूर्ण टेकवून बसवला होता, आकडा हलेचना, मला वाटलं सेल जळाला. खाली दोन वायसर टाकून एमएमभर फट केली आणि लगेच चालू. सेलवर बाण कोरलेला असतो, जोर त्या दिशेने. दुसरं, एचएक्स७११ मॉड्यूल बहुतेक करून सेकंदाला १० रीडिंगवर सेट होऊन येतं, ब्रेकला ते फार हळू आहे, पाय आधी आणि गाडी नंतर असं होतं. चिपचा १५ नंबरचा पाय (पिन) ग्राउंडवरून सोडवून व्हीसीसीला (पॉझिटिव्ह सप्लायला) जोडला की ८० होतात. बारीक सोल्डरिंग आहे, हात स्थिर नसेल तर मोबाइल रिपेअरवाल्याकडून करून घे, पाच मिनिटांचं काम.

सेल किती किलोचा घ्यायचा हे पेडलच्या तरफेवर. पाय बिजागरीपासून २० सेंटीमीटरवर दाबतो आणि सेल ५ वर असेल तर जोर चौपट होतो, २५ किलोचा पाय म्हणजे सेलवर १००. हे गणित न करता २० किलोचा सेल लावलास तर तो वाकून बसेल. पेडल आणि सेलच्या मधे रबर लागतं, मी मोटरसायकलच्या मागच्या हबमधले रबर वापरलेत, दुकानात सहज मिळतात आणि फील अगदी पाहिजे तसा आला.

एक तोटाही सांगतो, हा ब्रेक वेगळं यूएसबी म्हणून लागतो. पीसीवर असेटो कोर्सा दोन्ही डिव्हाइस घेतो, पण पुढे प्लेस्टेशनवर जायचा विचार असेल तर तिथे असा घरगुती ब्रेक चालणार नाही. आणि हो, बाबांसाठी वेगळं प्रोफाइल सेव्ह कर ज्यात ८-१० किलोला १०० टक्के ब्रेक लागेल. ट्रकला तेवढा पुरतो आणि गुडघ्यावर ताण नाही.

---

तिसरा_मजला

मॉनिटरचं मी सांगते. जितका जवळ येईल तितका जवळ, व्हीलच्या लगेच मागे. आणि स्टँड फ्रेमला जोडू नका, वेगळा उभा करा, म्हणजे थरथर चित्रात येणार नाही.

२७ इंची स्क्रीन साधारण ६० सेंटीमीटर रुंद असते. डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर ठेवली तर नजरेचा आडवा कोन (एफओव्ही) ५३ अंश येतो, मीटरभर लांब ठेवली तर ३३. असेटो कोर्सात उभा कोन भरायचा असतो, तो ६० सेंटीमीटरला ३१ च्या आसपास. पहिल्या दिवशी वाटेल की खूपच झूम झालंय, आरसे दिसत नाहीत, वेग कळत नाही. आठ दिवस बदलू नका. गाडी आणि वळण खऱ्या मापाचं दिसायला लागलं की ॲपेक्स (वळणाचा आतला बिंदू) आपोआप सापडतो, माझं सगळ्यात जास्त याच एका आकड्याने सुधारलं, आणि फुकट.

बसण्याचं: पाठ सीटला टेकलेली ठेवून हात सरळ पुढे केला तर मनगट व्हीलच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे, टाच जमिनीवर. सीटची पुढची कड थोडी वर उचला, नाहीतर ब्रेक मारताना माणूस पुढे घसरतो.

---

पाइपवाले_काका

पुढची कड उचलायला पुढच्या दोन पायांखाली पाइपचाच कापलेला तुकडा टाक, मी तेच केलं. व्हीलच्या पाटाला गोल भोकं न पाडता लांबट स्लॉट पाड, दोनेक इंचाचे, म्हणजे बाबा सीट पुढे घेतील तेव्हा व्हील छातीशी येणार नाही, पुढे सरकवता येईल. जी२९ ला खालून एम६ चे आटे असतात, क्लॅम्प न वापरता तिथेच बोल्ट कर. बोल्टला पाना लागू नये म्हणून वर टी-हँडलवाले नॉब वेल्ड करता येतात, माझ्याकडे ये, ते मी करून देतो.

आणि फ्रेमखाली रबराची जाड मॅट टाक. दुसरा मजला आहे, खालच्यांना रात्री पेडलचा ठोका ऐकू जातो.

---

रामबागचा_रेसर

अपडेट. रविवारी पोहे खाल्ले आणि बाबा आणि मी कामाला लागलो. सीट मिळाली, मारुती ८०० ची, रेल थोडा गंजलेला होता पण रॉकेल टाकून घासल्यावर लोण्यासारखा सरकतो. काका म्हणाले तसंच निघालं, मागचे पाय पुढच्यांपेक्षा चांगले अडीच इंच वेगळे. आधी पाइप कापून आणला असता तर वायाच गेला असता.

ताईंनी सांगितलेलं पुठ्ठ्याचं मॉडेल पण केलं, टीव्हीचा खोका, आठ विटा आणि आईचा पोळपाट (तिला विचारून). मी तासभर चालवलं आणि पेडल माझ्या पहिल्या अंदाजापेक्षा पावणेदोन इंच मागे गेलं. मग बाबांना बसवलं. सीट पुढून तिसऱ्या खाचेवर त्यांना बरोबर येते आणि माझी शेवटून दुसरी, म्हणजे एकाच रेलवर दोघं बसतो, पेडल हलवायची गरजच नाही. फक्त व्हील त्यांना दीड इंच पुढे लागतं, तेवढे स्लॉट पुरतील.

गुडघ्याचं मात्र वेगळंच कळलं. त्यांना ब्रेकचा त्रास नाहीये, त्रास ॲक्सिलरेटरचा आहे, कारण ट्रकमध्ये हायवेला पाय एकाच जागी धरून ठेवावा लागतो. टाचेखाली दोन विटांच्या मधे एक घडी केलेलं पोतं ठेवलं आणि पेडल थोडं जास्त उभं केलं तर म्हणाले आता ठीक आहे. मग माद्रिदहून माल घेऊन निघाले ते जेवायला हाक मारेपर्यंत उठलेच नाहीत. पेडलच्या ट्रेचा कोन बदलता येईल असा हवा, काका, त्याला दोन बाजूंनी कमानीसारखे स्लॉट देता येतील का? मापं कागदावर मिलिमीटरमध्ये काढलीत, शनिवारी सकाळी सांवेर रोडला येतो, बाबा पण येतायत.

---

पाइपवाले_काका

देता येतील. कमान नको, तीन भोकांची पट्टी करू, ती कधी घसरत नाही. दहाच्या आधी ये, नंतर गेटचं काम आहे. सीट सोबत आण.